आईचं एलडीएल, फ्रेंच प्रेसची कॉफी आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या

रानजाई

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. विषय आईचा आहे.

आई ६८ वर्षांची. रोज चाळीस मिनिटं चालते, तळण महिन्यातून एखाद्या वेळी, वजन पंचवीस वर्षांत फारसं हललेलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, ११२ होतं. गेल्या महिन्यात १५८ आलं. रिपोर्ट हातात घेऊन ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी असं काय खाते गं?" त्या दिवसापासून वरण-भातावरचं तूप बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, ओलं खोबरं बंद. परवा गरम भात, साधं वरण, वर लिंबू पिळलेलं आणि तूप नाही, असं तिचं ताट पाहिलं आणि मला बसवेना. कारण नक्की माहीत नसताना ती स्वतःला शिक्षा करून घेतेय असं वाटलं.

मग दोन वर्षांत काय बदललं याचा हिशोब मांडला. बदललेली एकच गोष्ट सापडली. भावाने तिला फ्रेंच प्रेस आणून दिलं, म्हणजे कॉफी भिजवून वरून जाळीचा दट्ट्या दाबायचं भांडं. आधी ती इन्स्टंट कॉफी घ्यायची, दिवसाला दोन कप. आता चिकमगळूरची अरेबिका, जाडसर दळलेली, तीन मोठे मग. कॉफी तिला मनापासून आवडते, वासानेच खुलते. मीही तिच्याबरोबर घेते. पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं तर खिडकीच्या उजेडात मगमधल्या कॉफीवर तेलाचे बारीक डोळे तरंगताना दिसले, आमटीवर दिसतात ना, तसे. कप रिकामा झाल्यावर कडेला तुळतुळीत कड राहते.

त्या तेलाच्या मागे लागून जे वाचलं ते थोडक्यात सांगते. कॉफीच्या बीमधल्या तेलात कॅफेस्टॉल आणि काह्वेओल अशी दोन द्रव्यं असतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारं द्रव्य म्हणजे मुख्यतः कॅफेस्टॉल. कॅफिनचा याच्याशी संबंध नाही. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, कोलेस्टेरॉल खर्च होण्याची ती मोठी वाट. कॅफेस्टॉल आतड्यात आणि यकृतात एफएक्सआर नावाच्या ग्राहकाला (पेशीतल्या, निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं आणि "पित्ताम्लं पुरेशी आहेत, थांबा" असा निरोप धाडतं. यकृत पित्ताम्लं बनवणं कमी करतं आणि न खर्चलेलं कोलेस्टेरॉल साठतं. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २००७ मध्ये हा धागा उलगडला.

कागदी फिल्टरमध्ये हे तेल अडकतं. फ्रेंच प्रेसच्या धातूच्या जाळीतून ते सरळ कपात उतरतं. इन्स्टंटमध्ये जवळजवळ नसतंच. म्हणजे आई आधीही कॉफीच पीत होती, पण ती कॉफी वेगळी होती.

आता माझा खरा प्रश्न. तिचं हिमोग्लोबिन १० च्या आसपास असतं म्हणून लोहाची गोळी चालू आहे आणि हाडांसाठी कॅल्शियमची. दोन्ही ती सकाळच्या कॉफीबरोबरच घेते, "एकदाचं उरकलं" म्हणून. कॉफी आणि या खनिजांचं आपसात काय होतं? आणि त्याचा रक्तातल्या चरबीशी काही संबंध लागतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

उत्तरवारा

रानजाई, मी गेली अकरा वर्षं नॉर्वेत आहे आणि तुम्ही लिहिलेली गोष्ट इथलीच आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

इथे उत्तरेकडे कॉफी उकळायची जुनी पद्धत. किटलीत पाणी, त्यात जाड दळलेली पूड, उकळी आली की खाली उतरवायची आणि चोथा तळाशी बसला की वरचं ओतायचं. गाळणी नाहीच. 'कोकेकाफे' म्हणतात. डोंगरात केबिनवर गेलं की अजूनही हीच.

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात हृदयरोगाचं प्रमाण फार होतं, म्हणून तिथे मोठी पाहणी सुरू झाली. १९८३ मध्ये त्यातले साडेचौदा हजारांच्या आसपास स्त्री-पुरुषांचे आकडे छापून आले. जितके कप जास्त, तितकं कोलेस्टेरॉल जास्त. तोवर असा काही संबंध असेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. बाकीच्या देशांत तपासलं तर कुठे संबंध दिसे, कुठे नाही. मोठा घोळ झाला.

घोळ सुटला तो किटलीपाशी. दोन वर्षांनी ट्रोम्सोतच कोलेस्टेरॉल वाढलेल्या ३३ पुरुषांवर प्रयोग झाला. कॉफी बंद केल्यावर कोलेस्टेरॉल उतरलं. नंतर काहींना उकळलेली कॉफी दिली, काहींना कागदाने गाळलेली. उकळलेली पिणाऱ्यांचं पुन्हा चढलं, गाळलेली पिणाऱ्यांचं नाही. पुढे नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात मार्टिन काटान आणि सहकाऱ्यांनी उकळलेल्या कॉफीवरचं तेल वेगळं काढून माणसांना दिलं, कोलेस्टेरॉल वाढलं. त्यातूनच कॅफेस्टॉल हाती लागलं.

शेजारच्या फिनलंडमध्ये लोक उकळलेल्या कॉफीकडून फिल्टरकडे वळले आणि तिथलं सरासरी कोलेस्टेरॉल उतरण्यात या बदलाचाही वाटा धरतात. अर्थात तिथे लोणी कमी करण्याची मोहीमही जोरात होती.

एक ताजी माहिती. २०२५ मध्ये स्वीडनमध्ये ऑफिसातल्या कॉफी मशीनची कॉफी तपासली. कागदी फिल्टरच्या कॉफीत लिटरला १२ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफेस्टॉल, मशीनच्या कॉफीत मध्यक १७६, आणि उकळलेल्या न गाळलेल्या कॉफीत ९०० च्या वर. हे वाचल्यापासून मी ऑफिसात मशीनकडे जात नाही.

कढीलिंब

धागा वाचनखुणेत. पण एक शंका मनात आली. आमच्याकडे कोजागरीला, उपासाला, पाहुणे आले की जी जायफळाची कॉफी होते, ती तर अशीच उकळून! दूध-पाणी, साखर, कॉफीची पूड, खळखळून उकळी, वर जायफळ किसून, आणि स्टीलच्या चहाच्या गाळणीने गाळायची. म्हणजे आपणही नॉर्वेवाल्यांसारखीच कॉफी पितो की काय?

चोथा_गाळणी

कढीलिंब, पूड खरी कॉफीची असेल तर हो, पद्धत तीच. इन्स्टंट पावडर टाकून केली असेल तर प्रश्न नाही, आणि हल्ली बहुतेक घरांत तीच असते.

मी बंगळुरात कॉफी भाजण्याच्या धंद्यात आहे, म्हणून बियांबद्दल थोडं. अरेबिकात कॅफेस्टॉल आणि काह्वेओल दोन्ही. रोबस्टात कॅफेस्टॉल साधारण निम्मं आणि काह्वेओल नगण्य. आपल्या देशात पिकते ती बहुतांश रोबस्टाच. दुसरं म्हणजे चिकोरी. चिकोरी हे मूळ आहे, कॉफीशी तिचं काही नातं नाही, तिच्यात ही द्रव्यं नसतात. पाकिटावर कॉफी किती आणि चिकोरी किती हे छापलेलं असतं. ६०:४० चं मिश्रण घेतलंत तर कॅफेस्टॉलही त्याच मापात उतरतं. चिकोरीला लोक नाकं मुरडतात, पण ज्यांना घट्ट काळा डिकॉक्शन हवा आणि एलडीएलचीही काळजी आहे, त्यांनी तिचा राग करू नये.

आमच्याकडच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरबद्दल लोक हमखास विचारतात. त्यात कागद नसतो, त्यामुळे 'फिल्टर कॉफी' या नावावर जाऊन निर्धास्त राहू नका. दाबून बसवलेल्या पुडीचा थर थोडं तेल धरून ठेवतो, पण कागदाची सर त्याला नाही. कापड मात्र चांगलं काम करतं. सिंगापुरात कापडी मोज्यातून कॉफी गाळतात, ती तपासली तेव्हा कॅफेस्टॉल नगण्य निघालं. घट्ट विणीचं सुती फडकं घ्या, साबण लावू नका, गरम पाण्यात उकळून उन्हात वाळवा.

जाता जाता एक, बऱ्याच जणांना माहीत नसतं: आपल्या महाराष्ट्रातही कॉफी पिकते, मेळघाटात चिखलदऱ्याला. तिकडे गेलात तर बागेत जाऊन या.

रानजाई

उत्तरवारा, चोथा_गाळणी, किती मनापासून लिहिलंत दोघांनी. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "म्हणजे तुपाचा काही दोष नव्हता तर," एवढंच म्हणाली.

काल फ्रेंच प्रेसमधली कॉफी कागदी फिल्टरमधून पुन्हा गाळली. कागद वाळल्यावर त्यावर पिवळट, अर्धपारदर्शक डाग उमटला, भज्याखालच्या वर्तमानपत्रावर उमटतो तसा. एका मगातून एवढं!

पडवळ

रानजाई, मी जनरल प्रॅक्टिस करतो. धागा चांगला चाललाय, पण एका जागी मला थांबवावंसं वाटतं.

फ्रेंच प्रेसने एलडीएल वाढतं हे खरं. पण किती? नेदरलँड्समध्ये १९९६ मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना २४ आठवडे रोज पाच-सहा कप कडक फ्रेंच प्रेस कॉफी दिली होती. एलडीएल दहा टक्क्यांच्या आसपास वाढलं. तुमच्या आई तीन मग घेतात. ११२ चे १२३-१२५ झाले असते तर मी कॉफीवर बोट ठेवून मोकळा झालो असतो. १५८ होतात तेव्हा आणखी कुणीतरी हात लावलेला असतो. तो सगळा फरक एकट्या फ्रेंच प्रेसच्या गळ्यात घालता येणार नाही.

तुम्ही कॅल्शियम आणि लोह दोन्ही लिहिलंत. एक विचारतो: थायरॉइडची गोळी चालू आहे का? असेल तर ती किती वाजता घेतात, आणि पहिली कॉफी किती वाजता?

रानजाई

डॉक्टर, हो! बारा वर्षांपासून. मी ते लिहिलंच नाही, कारण ती गोळी आमच्या घरात इतकी जुनी झालीय की औषध वाटतच नाही. पट्टी कॉफीच्या डब्यालाच रबर लावून ठेवलेली असते, म्हणजे विसरायला नको. उठली की कॉफी करायला टाकते आणि पहिल्या घोटाबरोबर गोळी. मग अर्ध्या तासाने नाश्ता आणि दुसऱ्या मगाबरोबर लोह आणि कॅल्शियम.

पडवळ

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या रबर लावलेल्या पट्टीत असण्याची दाट शक्यता आहे. सविस्तर लिहितो, कारण हे घरोघरी चालतं.

थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आतड्यातून शोषली जायला फार नाजूक. ती फक्त पाण्याबरोबर, उपाशीपोटी घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, कॉफीही नाही. २००८ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी दाखवलं की कॉफीबरोबर घेतल्यास ती कमी शोषली जाते. आता खनिजं. कॅल्शियम आणि लोह दोन्ही या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात. २००० मध्ये अमेरिकेत २० रुग्णांना थायरॉइडच्या गोळीबरोबर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, तर तीन महिन्यांत सरासरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) १.६ वरून २.७ वर गेलं आणि पाचातल्या एकाचं नॉर्मलच्या बाहेर. लोहाचं त्याहून तीव्र: १९९२ च्या एका अभ्यासात १४ रुग्णांचं टीएसएच १.६ वरून ५.४ वर. म्हणून या दोन्हींत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं.

आणि चरबीशी संबंध? थायरॉइडचं संप्रेरक यकृताच्या पेशींवर एलडीएल उचलणारे ग्राहक वाढवतं. संप्रेरक कमी पडलं की ग्राहक कमी, उचल कमी, आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. म्हणूनच एलडीएल अचानक वाढलेलं दिसलं की टीएसएच आधी बघायचं असतं.

तेव्हा कॉफी आणि खनिजं मिळून रक्तातली चरबी वाढवू शकतात का, तर हो, या आडवाटेने नक्की. टीएसएच करून घ्या आणि आईंच्या नेहमीच्या डॉक्टरांना रोजचा हा सगळा क्रम वेळेसकट सांगा. गोळीचा डोस इथे वाचून बदलू नका.

लोहाचंही तेच रडगाणं. कॉफीतली पॉलिफेनॉल्स लोहाला बांधून ठेवतात. १९८३ च्या एका अमेरिकन अभ्यासात जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर कॉफी घेतली तर काही बिघडलं नाही, पण जेवणानंतर तासाने घेतली तर बरोबर घेतल्याइतकंच नुकसान. आपल्या देशात २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांतल्या कितीजणी लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर गिळत असतील याचा विचार आला की जीव तुटतो. दवाखान्यात चिठ्ठी लिहिताना मी आता गोळीसमोर 'लिंबूपाण्याबरोबर' असं ठळक लिहितो.

भाकरी_आणि_चटणी

माझे आजोबा एक्याण्णव वर्षं जगले, रोज सहा कप काळी कॉफी पिऊन. इतकं मोजून-मापून जगायचं तर आनंद कधी घ्यायचा? पटलं नाही म्हणून लिहिलं, राग मानू नका.

उत्तरवारा

राग कसला! पण इथे कुणी कॉफी सोडा म्हणत नाहीये. नॉर्वेतच पाच लाखांवर लोकांचा वीस वर्षं मागोवा घेतला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गाळलेली कॉफी पिणारे, कॉफी अजिबात न पिणाऱ्यांपेक्षाही जास्त जगलेले दिसले. आजोबांची कॉफी कापडाने गाळलेली होती का, हे आजीला विचारून बघा, खरंच जाणून घ्यायला आवडेल.

भाकरी_आणि_चटणी

आईला विचारलं. धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळायचे म्हणे! हे मला माहीतच नव्हतं.

ताकमेढी

आहारशास्त्र शिकवते. कॅल्शियमबद्दल एक बाजू राहिलीय, ती भरते, कारण पडवळ डॉक्टरांचं वाचून कुणी घाबरून कॅल्शियमच सोडू नये.

आतड्यात कॅल्शियम संपृक्त मेदाम्लांना भेटतं तेव्हा त्यांचा साबण होतो. खरोखरीचा साबण, पाण्यात न विरघळणारा. कठीण पाण्यात अंगाचा साबण फेस न होता दह्यासारखा फाटतो ना, तेच पोटात. तो शोषला जात नाही, बाहेर पडतो. काही पित्ताम्लंही कॅल्शियमबरोबर बाहेर जातात. १९९३ मध्ये कोलेस्टेरॉल थोडं वाढलेल्या १३ पुरुषांना दहा-दहा दिवस दोन प्रकारचा आहार दिला, एकात ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम, दुसऱ्यात २२००. जास्त कॅल्शियमच्या आहारावर संपृक्त मेद ६ ऐवजी १३ टक्के बाहेर पडला आणि एलडीएल ११ टक्क्यांनी कमी दिसलं.

गंमत अशी की कॅफेस्टॉल पित्ताम्लं बनणं आवरतं, आणि कॅल्शियम बनलेली पित्ताम्लं बाहेर नेऊन नवी बनवायला भाग पाडतं. दोघांच्या दिशा उलट. यावरून "दूध घातलं की कॅफेस्टॉल मारलं जातं" असं मात्र म्हणू नका. कपात पन्नास-साठ मिलिलिटर दूध, म्हणजे ६०-७० मिलिग्रॅम कॅल्शियम. २२०० कुठे आणि ७० कुठे! शिवाय तो अभ्यास छोटा आणि दहा दिवसांचा.

कॉफीने हाडं झिजतात ही भीतीही प्रमाणाबाहेर आहे. कॅफिनमुळे लघवीतून थोडं कॅल्शियम जातं, पण कपामागे एक-दोन मोठे चमचे दूध घातलं की भरून निघतं. आपल्या दुधाळ कॉफीत त्याहून कितीतरी जास्त असतं.

सुपारीचं_झाड

खनिजांवर विषय निघालाच आहे तर जस्ताचंही सांगते. करोनाच्या काळात सुरू केलेल्या झिंकच्या गोळ्या आमच्या घरात तीन वर्षं चालूच होत्या. १९८० मध्ये १२ निरोगी पुरुषांना पाच आठवडे रोज १६० मिलिग्रॅम जस्त दिलं होतं, त्यांचं एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, २५ टक्क्यांनी घसरलं. तो डोस फार मोठा, आमच्या गोळ्या ५० च्या होत्या. तरी डॉक्टरांना विचारून आम्ही बंद केल्या.

रानजाई

तेरा आठवड्यांनी परत आलेय. उशीर झाला, पण दुसरा रिपोर्ट हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पडवळ डॉक्टर, तुम्ही सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी टीएसएच केलं. ९.६ आलं. आमच्या डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, फक्त वेळा बदलायला सांगितल्या. आता पट्टी कॉफीच्या डब्यावरून काढून आईच्या उशाशी, तांब्या-भांड्याजवळ ठेवलीय. साडेपाचला जाग आली की पाण्याबरोबर गोळी, मग पूजा, मग झाडांना पाणी, आणि पावणेसातला कॉफी. लोह दुपारी जेवणाआधी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. फ्रेंच प्रेस कपाटात गेलं, त्याच्या जागी चिनी मातीचा ड्रिपर आणि कागद आला. पहिले आठ दिवस आईला कॉफी "हलकी, पाणचट" लागली. मग तिनेच पूड दीड चमचा वाढवली आणि तक्रार संपली.

परवाचा रिपोर्ट: टीएसएच ३.१, एलडीएल १२१, हिमोग्लोबिन ११.४.

ताकमेढी

रानजाई, फार आनंद झाला. दोन्ही बदल एकदम केलेत, त्यामुळे कशाचा वाटा किती हे आता सांगता येणार नाही, पण माझ्या आईसाठी मीही हेच केलं असतं, एकेक करून थांबले नसते.

पडवळ

अभिनंदन, आणि आईंचं जास्त, रोजचा क्रम मोडणं सोपं नसतं. हिमोग्लोबिन अजून कमीच आहे, १२ पर्यंत न्यायचंय. लोह सोडू नका. टीएसएच कधी पुन्हा करायचं ते विचारून ठेवा.

रानजाई

तारीख विचारली आणि दिनदर्शिकेवर आईनेच लाल पेनाने लिहिली. तुपाचंही विचारलं. दिवसाला दोन चमचे चालेल म्हणाले. आज वरण-भात आहे.